दोघांना मिळून एक मीडियम? हा हिशेब मला मान्य नाही



मागच्या महिन्यात भाचीच्या नव्या संसारासाठी गादी घ्यायला गेलो होतो. जावई उंचापुरे, अंगाने भरलेले. भाची म्हणजे काडी. दुकानदार म्हणाला, "लेटेक्स घ्या, दोघांना मिळून मीडियम." जावयांनी तळहाताने गादी दाबली आणि "छान आहे" म्हणाले. भाचीला कोणी विचारलंच नाही. मला काही राहवलं नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई. सरासरी कुठे काढावी आणि कुठे काढू नये, एवढं मला कळतं. नवऱ्याची चप्पल नऊ नंबरची, बायकोची पाचची, म्हणून दोघांनी सात नंबर घालायचा का?

आमच्याच घरचं सांगते. हे ८८ किलो, मी ४९. आम्ही अशीच एकसंध मीडियम गादी घेतली होती. यांची कंबर खाली रुतायची. मला तीच गादी फळीसारखी. कुशीवर झोपलं की खांदा बधिर. पहाटे सामायिकाला बसले की अर्धं लक्ष खांद्याकडे. तरी चार वर्षं मी गप्प, कारण "सांभाळून घे" हेच आपल्याला शिकवलेलं.

दोष लेटेक्सचा नाही. तो रबराच्या झाडाचा चीक. झाड न तोडता सालीला चीर देऊन काढतात. पण फेसाळून साच्यात घातलेला चीक एकदा पक्का झाला की त्याचा मऊ-कडकपणा ठरला. भारी अंगाला घट्ट गादी लागते, हलक्या अंगाला मऊ. म्हणून ७२ बाय ३६ इंचाचे दोन वेगळे तुकडे घ्या, त्याचे घट्ट आणि तिचा मऊ, आणि दोन्ही एकाच मोठ्या खोळीत घाला. वरून चादर एकच.

"दोन गाद्या म्हणजे संसारात फट," असं आमच्या एक जाऊबाई म्हणाल्या. संसारात फट गादीने पडत नाही हो. रात्रभर तळमळलेली बाई सकाळी चिडचिडते, तेव्हा पडते.

आता वजनाचा हिशेब. ८० किलो घनमीटर घनतेची, सहा इंच जाडीची ७२ बाय ७२ची एकसंध गादी भरते जवळजवळ ४१ किलो. आपल्यापैकी किती जणी ती उचलून पावसाळ्यात खालची बाजू बघतील? ओल धरली, बुरशी आली, की जीवोत्पत्ती आलीच. अर्धा तुकडा वीस किलोचा. दोघींनी मिळून सहज उभा करता येतो. कापसाच्या गादीसारखी ही उन्हात मात्र टाकू नका, उन्हाने रबर कडक होऊन भुगा पडतो. सावलीत, वाऱ्यावर उभी करा. हेच वजन दुकानातही उपयोगी पडतं: लेबलवर घनता ८० आणि काट्यावर तुकडा बारा किलो, तर विचारा की आत लेटेक्स किती आणि साधा फोम किती. खोळ सुती मागा; आत रेशीम किंवा लोकर नाही ना, हेही विचारून घ्या.

काही जणी म्हणतील, मुनीमहाराज भूमीवर झोपतात आणि आपण गादीचे लाड करतो? भूमिशयन हा त्यांचा मूलगुण आहे, त्यांनी स्वतः समजून घेतलेला. तुम्ही चटईवर झोपायचा नियम घेतलात तर मी हात जोडीन. पण गादी घ्यायचीच, ती नवऱ्याच्या मापाची घ्यायची आणि बायकोने दुखणं सोसायचं, याला त्याग म्हणू नका. लादलेला त्याग हा त्याग नसतो. आणि अपरिग्रहाचंच बोलायचं तर चुकीची गादी घेऊन चार वर्षांत बदलणं, जे आम्ही केलं, त्यात परिग्रह जास्त.

तेव्हा दुकानात दोघांनी जा. आपापल्या बाजूला, नेहमी झोपता तसंच, पंधरा मिनिटं पडून बघा. लाजू नका. खांदा टोचतो का, कंबर रुतते का, हे तिथेच मोठ्याने सांगा.

भाचीने दोन तुकडे घेतले. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, झोप लागते गं." मला एवढंच हवं होतं.