डब्याआधीचं इंजेक्शन

"बाय, बाहेर कुणाला बोलू नको. लग्नाचं वय आहे." मला टाइप वन मधुमेह झाल्यापासून द्रोणागिरीतल्या आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. आत्या ते मायेनंच म्हणते. नकार आला की मुलीच्या घरावर काय गुदरतं ते तिनं पाहिलंय, म्हणून तिचं म्हणणं उडवून लावणार नाही. पण ते चूक आहे.

लपवायचं म्हणजे नेमकं काय? माझ्याच शरीरानं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारल्या. हे गोड खाण्यानं झालेलं नाही आणि कोणत्याही काढ्यानं बरं होणार नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी या आजाराचं निदान म्हणजे मरणाची तारीख होती. आज मी इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत रक्तात आम्लं साठून जिवावर बेतेल. म्हणजे ज्यावर मी जगते, तेच झाकून ठेवायचं!

दोन वर्षं झाकलं. ऑफिसच्या बाथरूममध्ये, दाराला पाठ लावून, घाईघाईत टोचायचे. बाथरूम रिकामं नसलं की डोस उशिरा. मग एका संध्याकाळी उरण लोकलमध्ये, न्हावा शेवा गेल्यावर, कानशिलांवर घाम फुटला, हात कापू लागले. मीटरवर ५४. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती, पण बोटांना ती फाडता येईना. समोरच्या काकूंनी विचारलं, "उपवास आहे का?" आणि पाण्याची बाटली पुढे केली. अशा वेळी पाण्यानं भागत नाही, साखरच लागते, तीन चमचे तरी. "शुगर उतरलीय, एवढी पुडी फोडून द्या," हे एक वाक्य बोलायला मला अख्खं स्टेशन लागलं. काकूंनी पुडी दातांनी फाडली.

राहिला लग्नाचा प्रश्न. "मुलांनाही होईल" ही भीती मुलीपुढेच का ठेवतात? टाइप वन आईला असेल त्यापेक्षा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता जास्त, हे वैद्यकाला माहीत आहे. साखर आधीपासून ताब्यात ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली टाइप वन असलेल्या बायका निरोगी बाळांना जन्म देतात. आणि जिथं सांगितल्यावर स्थळ मोडतं, तिथं न सांगता नांदायला गेले तर रात्री शुगर उतरल्यावर मला साखर कोण भरवणार?

आता मी डबा उघडला की टेबलावरच इन्सुलिनचं पेन काढते. तांदळाच्या दोन भाकऱ्या, आठ युनिट. शेजारच्या मैत्रिणीला ग्लुकोज कुठल्या कप्प्यात आहे ते ठाऊक आहे. आत्यालाही दाखवलाय तो कप्पा. परवा एका हळदीला पंगतीत बसताना तिनंच विचारलं, "टोचलंस का?" आवाज हळूच होता, पण शेजारच्या दोघींनी ऐकला.