टायरला कोटेशन नसतं

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी गाईच्या जिभेविषयी बोलणार आहे, आणि या विषयावर बोलण्याचा अधिकार पशुवैद्यकांचा, असं कुणीतरी म्हणणारच. त्यावर माझं उत्तर एवढंच की, वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी गाई-म्हशींची कर्जं लिहिली आहेत. ज्या प्राण्याच्या नावावर आपण कर्ज देतो, त्याच्या तोंडात काय जातं एवढी चौकशी करायला बी.कॉम. पुरेसं व्हावं.

बँक तशी चौकशीला कमी नाही. गाईचा रंग, शिंगांचा आकार, कपाळावरचा ठिपका, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर, सगळं आम्ही विचारतो. मुलगी बघायला गेलेली माणसंही इतकं विचारत नसतील. फक्त एक प्रश्न आमच्या फॉर्मात नाही : हिला मीठ मिळतं का?

आता मिठाचं गाईला काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही शहरात राहता, दूध पिशवीतून येतं, त्यामुळे गाय ही वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा पिशवीवरच्या चित्रातच येते. त्या चित्रातलं गवत नेहमी हिरवंगार असतं. खऱ्या गवतात मात्र सोडियम फार थोडं असतं. म्हणून गुरं भिंत चाटतात, एकमेकांना चाटतात, आणि गुराख्याचा घामेजलेला सदराही चाटतात. त्याला आपण माया म्हणतो. माया असेलही, पण तिच्यात मीठही असतं.

दुसरा हिशेब कॅल्शियमचा. एक लिटर दुधाबरोबर साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम आणि एक ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस गाईच्या अंगातून बाहेर जातो. दहा लिटर दूध देणारी गाय रोज बारा ग्रॅम कॅल्शियम तुमच्या-आमच्या चहात ओतते. वैरणीतून तेवढं आलं नाही, तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. हाडं ही गाईची मुदत ठेव. मुदतीआधी ठेव मोडली तर आम्ही दंड लावतो, तसा तिथेही लागतो. कधी व्यायल्याबरोबर गाय आडवी होते, कधी महिनोन् महिने माजावर येत नाही. गाय गाभण नाही म्हणजे दूध नाही, दूध नाही म्हणजे हप्ता नाही. मग आमची वसुलीची नोटीस निघते. त्या नोटिशीत व्याज असतं, दंड असतो, कलम असतं. फॉस्फरस हा शब्द मात्र कुठेच नसतो.

इगतपुरी-अकोल्याच्या पट्ट्यात हे जास्त खरं. तिथला पाऊस जमिनीतले क्षार धुऊन नेतो. तिथली डांगी गाय पावसात उभी राहायला खास बनलेली, कातडी तेलकट, पाणी ओघळून जावं अशी. दूध ती थोडंच देते. पण दूध थोडं म्हणून गरजही थोडी, हा हिशेब चुकीचा. पोटातल्या वासराची हाडंही तिलाच बांधायची असतात. फॉस्फरस कमी पडला की चरायला गेलेली गाय माळावरची जुनी हाडं चघळते. दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकाने १९२०च्या सुमारास दाखवून दिलं, की फॉस्फरस नसलेल्या कुरणावरची गुरं अशीच हाडं चघळत आणि त्या हाडांतल्या विषाने लुळी पडून मरत. आपल्याकडे गाय हाड चघळताना दिसली की लोक म्हणतात, ‘कलियुग!’ कलियुगाचा दोष नाही हो, खनिजांचा आहे. कधी जंतांचाही असतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. मोठ्या गाईला रोज पन्नास ग्रॅम मिनरल मिक्श्चर आणि तीसेक ग्रॅम मीठ द्यावं, हे पशुसंवर्धनाच्या भिंतीवरच्या तक्त्यातही असतं. भांडण सुरू होतं ते द्यायचं कशातून इथे. गोठ्यातल्या गाईला गव्हाणीत आंबोणाबरोबर देता येतं. पण जी दिवसभर गायरानावर चरते तिच्यामागे वाटी घेऊन कोण धावणार?

या प्रश्नाला आजकाल एकच उत्तर मिळतं : विकत घ्या. एका कृषी प्रदर्शनात मी असा एक स्टँड पाहिला. चकचकीत स्टील, वर घुमट, खाली चाकं. चाकं कशाला असं विचारलं तर विक्रेता म्हणाला, ‘हलवता येतो साहेब!’ गायरानावर चाकं हलवायला आधी रस्ता लागेल, आणि रस्ता असेल तर त्याला गायरान कोण म्हणेल? शेजारी उभे असलेले एक आजोबा बराच वेळ स्टँड न्याहाळून म्हणाले, ‘लग्नात पाण्याला बरा.’

आणि आमची बँक या स्टँडच्या बाजूची! कारण स्टँडला कोटेशन आहे. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून पशुपालनालाही मिळतं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आमच्या शाखेत वस्तूला पैसे मागायचे तर साहेब आधी कोटेशन मागतात. मी एकदा विचारलं, ‘साहेब, पंक्चरवाल्याकडचा जुना टायर असला तर?’

साहेब म्हणाले, ‘त्याचं कोटेशन आणायला सांगा.’

‘तो फुकट देतो, साहेब.’

‘मग त्यात तंत्रज्ञान काय?’

या एका वाक्याविरुद्ध हा सगळा लेख आहे. ज्याचं बिल होत नाही ते तंत्रज्ञान नाही, ज्याचं उद्घाटन होत नाही ती योजना नाही, असा आपला पक्का समज झाला आहे. तेव्हा टायरातलं तंत्रज्ञान सांगतो, बिल न लावता.

ट्रकचा जुना टायर घ्यावा. तो कापायचा नाही. कापला की आतल्या तारा निघतात, आणि गिळलेली तार गाईच्या पोटातून काळजापर्यंत पोचू शकते. टायर दगडांवर आडवा ठेवावा, म्हणजे खालून पाणी शिरत नाही. मधल्या भोकात प्लास्टिकचं घमेलं घट्ट बसवावं. टायर जड, त्यामुळे कितीही आडदांड बैलाने ढुशी दिली तरी घमेलं उलटत नाही. लोखंडी घमेलं नको, मीठ ते खाऊन टाकतं. कीटकनाशकाचं किंवा रंगाचं भांडं तर मुळीच नको. वरून जुन्या ट्यूबचं रबर झाकण म्हणून घालावं, एकाच बाजूला पक्कं केलेलं. गाय नाकाने झाकण उचलते, चाटते, निघून जाते. झाकण आपोआप पडतं. पहिले चार दिवस ते दुमडून ठेवलं की गुरं शिकतात. आमच्या साहेबांना नवं सॉफ्टवेअर शिकायला यापेक्षा जास्त दिवस लागले होते. जमलं तर चार बांबूंवर पत्रा टाकून पश्चिमेची बाजू बंद करावी, कारण पावसाळ्यात झड तिकडूनच येते.

आता पलीकडच्या बाजूचं ऐकू. ‘घरगुती गोष्टीत प्रमाण राहत नाही,’ असं तज्ज्ञ म्हणतात. बरोबर म्हणतात. म्हणून मिश्रण घरी बनवू नये. आयएस १६६४ हे मानक छापलेली पिशवी विकत घ्यावी, तिच्यात मीठ आधीच आहे की नाही ते वाचावं, नसेल तर डॉक्टरांना विचारून घालावं. मिठाचं काम दुहेरी आहे. गाय येते ती मिठाच्या ओढीने. कॅल्शियम कमी पडलं म्हणून ते शोधून नेमकं तेवढंच खाण्याची अक्कल तिला नसते, जशी ती आपल्याला लग्नाच्या पंगतीत नसते. आणि खारट फार झालं की ती आपण होऊन थांबते. युरिया घालण्याचा उद्योग घरी कुणी करू नये. पाण्यात विरघळलेला युरिया गाईने प्यायला तर ती मरते. कळपात मेंढ्या असतील तर त्यांना गाईंचं मिश्रण देऊ नये, त्यातलं तांबं त्यांना बाधतं. आणि टायर दोन ठेवावेत, कारण प्रत्येक कळपात एक दांडगी गाय असते, जी स्वतःचं झालं तरी दुसरीला जवळ येऊ देत नाही. अशी माणसंही आमच्या पासबुक छपाईच्या रांगेत रोज असतात.

म्हणजे माझा आग्रह एवढाच : पैसा भांड्यात घालू नका, भांड्यातल्या वस्तूत घाला. पन्नास ग्रॅमच्या हिशेबाने एका गाईला वर्षाला सव्वाअठरा किलो मिश्रण लागतं. स्टँडचे पैसे वाचले तर ते सव्वाअठरा किलो येतं. स्टँड घेतला तर तो रिकामा राहतो, आणि रिकामा स्टँड गाय चाटत नाही. त्याचा फक्त फोटो चांगला येतो.

माणसाच्या मिठासाठी १९३० साली देश दांडीला गेला, आपल्याकडे शिरोड्याला गेला. गाईच्या मिठासाठी कुणी कुठे जायला नको. पंक्चरवाल्याकडे गेलं तरी भागतं. आणि बँकांनी एवढंच करावं, कर्जाच्या फॉर्मात शिंगांच्या आकाराखाली एक रकाना वाढवावा : ‘पावसात मीठ कोरडं राहतं का?’ उत्तर ‘हो’ असेल तर मीठ कशात ठेवलंय ते विचारू नये. आमच्याही तिजोरीला बाहेरून रंग उडालेलाच आहे. आत काय आहे यावरच लोक ठेवी ठेवतात.