अभिमान आणि खिसा

कोल्हापूरकराच्या अभिमानाविषयी शंका घेण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही, आणि करूही नये. अलीकडच्या काळात या अभिमानाची लागोपाठ तीन वेळा परीक्षा झाली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या श्रीमंती कंपनीने मिलान येथे आपल्या कोल्हापुरी घाटाची पायताणे कोल्हापूरचा नामोल्लेखही न करता मिरविली. त्यानंतर महिन्याभरात नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानुसार गुजरातेत जामनगरजवळच्या वनतारा येथे रवाना झाली. या तिन्ही वेळी लोक हळहळले, संतापले, रस्त्यावर आले. भावनेच्या विषयात कोल्हापूर पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, याबद्दल दुमत नाही.

परंतु अभिमानाला एक सोबती असावा लागतो, आणि त्याचे नाव खिसा. डोळ्यांत पाणी येण्यास दाम पडत नाही. ज्या गोष्टीसाठी ते आले ती गोष्ट चालती राहण्यास मात्र पडतो. आपला अभिमान आणि आपला खिसा हे दोघे एका वाटेने चालतात काय, हा प्रश्न आज विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम नाट्यगृहाचा विचार करू. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, तेथील रंगमंदिरे आणि क्रीडागारे त्यांनी पाहिली, आणि परत आल्यावर आपल्या प्रजेसाठी एकमेकांना लागून दोन वास्तू उभारल्या. एक खासबागेचे कुस्तीचे मैदान आणि दुसरे १९१५ साली पूर्ण झालेले पॅलेस थिएटर. मल्ल आणि नट यांना एकाच भिंतीचे शेजारी करणारा राजा दुसरीकडे क्वचितच आढळेल! करमणूक ही काही मूठभर धनिकांची मिरास नव्हे, ती शहराच्या आरोग्याची बाब आहे, हा विचार त्या दगडविटांत होता. पुढे याच वास्तूला केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या जन्मदिनाच्या पूर्वसंध्येलाच ती जळावी, हा दैवदुर्विलास होय.

केशवरावांच्या चरित्रातील एक प्रसंग या संदर्भात आठवण्याजोगा आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. प्रेक्षकांनी चढ्या दराने तिकिटे घेतली. स्वराज्याविषयीची त्यांची आस्था टाळ्यांपुरती नव्हती, ती तिकिटाच्या खिडकीवर मोजली गेली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव निवर्तले.

आता आमच्याच वर्गाच्या, म्हणजे पगारदार, सुशिक्षित गृहस्थाच्या, आजच्या संध्याकाळकडे पाहा. नाट्यगृह जळाले त्या रात्री त्याला झोप लागली नसेल. पण त्याआधीच्या वर्षात तो तेथे किती वेळा गेला होता? नाटकाचे तिकीट महाग झाले, ही त्याची तक्रार ठरलेली. तीत तथ्य नाही असे नव्हे; चौघांचे कुटुंब निघाले म्हणजे हजाराची नोट पुरत नाही, आणि आता ती नोटही राहिलेली नाही! परंतु पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही; शंभर रुपयांवरील चित्रपटाच्या तिकिटावर तो १८ टक्के आहे. तरीही चित्रपटाला जाताना आणि तेथील मक्याच्या लाह्या घेताना हाच गृहस्थ हिशेब मांडीत नाही. घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्यांची वर्गणी त्याच्या खात्यातून परस्पर वळती होते. ती गेल्याचे त्याला कळतही नाही. न दिसणारा खर्च टोचत नाही; तिकिटाच्या खिडकीवर मोजून दिलेला तेवढा टोचतो. तात्पर्य, पैसा नाही असे नव्हे. पैशाची वाट बदलली आहे.

पायताणाची कथा निराळी नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचा, हाताने शिवलेला जोड करावयास दिवस जातात. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतील चार-चार जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. परदेशी कंपनीने तिचे रूप उचलताच आपण खवळलो ते योग्यच झाले. त्या दडपणाचा उपयोगही झाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. पण चप्पल लाइनीत उभे राहून कारागिराशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणारे आणि शेवटी यंत्रावरची नक्कल घेऊन घरी जाणारे कोण? ते मिलानचे रहिवासी खचित नव्हेत.

मग कोल्हापूरकराचा खिसा भावनेच्या हाकेला ओ देतच नाही काय? देतो, आणि याचा पुरावा महादेवीच्या प्रकरणानेच दिला. वनतारा ज्या उद्योगसमूहाची, त्याच समूहाची दूरध्वनी सेवा असंख्य लोकांनी पाहता पाहता सोडली. न्यायालयाच्या निर्णयाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. हत्तिणीच्या प्रकृतीचा प्रश्न खरा होता आणि गावकऱ्यांची मायाही खरी होती. आमचा मुद्दा एवढाच की, सामान्य ग्राहकाच्या लहानशा व्यवहाराला सामर्थ्य असते, हे या जिल्ह्याने देशाला दाखवून दिले.

खेद याचा की, हे सामर्थ्य आपण रागासाठी वापरतो, लोभासाठी वापरीत नाही. बहिष्कार एका आठवड्यात घडतो. पोषणाला वर्षानुवर्षे लागतात, आणि त्याला मोर्चाची शोभा नसते. नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीसाठी सरकारने कोट्यवधी रुपये जाहीर केले. परंतु सरकारी निधीतून भिंती उभ्या राहतात, प्रेक्षक उभा राहत नाही.

महापालिकेकडे आमचे मागणे साधे आहे. या वास्तूच्या देखभालीचा आणि अग्निसुरक्षेच्या तपासणीचा हिशेब तिने दरवर्षी नागरिकांपुढे मांडावा. आग लागल्यावर चौकशी होतेच, ती लागण्यापूर्वी व्हावी. आणि वाचकांकडे मागणे त्याहून साधे आहे. किराणा, शाळेची फी आणि विजेचे बिल यांच्या खाली, महिन्याच्या यादीत एक ओळ नाटकाची, देवल क्लबातील गाण्याची किंवा खासबागेतील कुस्तीची असावी. आणि वर्षाकाठी एक जोड कारागिराच्या हातचा, त्याने सांगितलेल्या दराने घ्यावा. राजाने एकदा बांधून दिले. आता राजा नाही. ते चालविण्याचा खर्च प्रजेच्याच खात्यावर पडावयाचा आहे.