करून बघू या : मेक्सिकोची भाजकी चटणी

दोस्तांनो, आज आपण गॅस पेटवणार आहोत. म्हणून अट आधीच सांगून टाकते. घरातलं मोठं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय आजचा पदार्थ करायचा नाही. कबूल? मग ऐका.

पदार्थाचं नाव साल्सा. नावाला बिचकू नका. स्पॅनिश भाषेत साल्सा म्हणजे नुसतं 'सॉस'. हा मेक्सिको देशातला रोजचा पदार्थ. आपल्या ताटात डावीकडे चटणी लागते ना, तसा तिकडे जेवताना साल्सा लागतो. दुकानात तो बाटलीत मिळतो आणि चांगला महागही असतो. घरी मात्र अर्ध्या तासात होतो आणि त्याला लागणारं सगळं भाजीच्या टोपलीतच असतं.

साहित्य : ४ मध्यम लालबुंद टोमॅटो, १ कांदा, ४-५ लसूण पाकळ्या, २ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्धं लिंबू आणि चवीपुरतं मीठ. तेल? एक थेंबही नाही!

कृती : लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा. नॉनस्टिक तवा घेऊ नका, तो कोरडा तापवायचा नसतो. कांद्याच्या जाड चकत्या करा. मिरचीला एक चीर द्या, नाहीतर ती तव्यावर फट्कन फुटते. लसूण सालीसकट ठेवा, म्हणजे आतली पाकळी करपत नाही. आता सगळं तव्यावर मांडा आणि चिमट्याने फिरवत राहा. लसूण आणि मिरची आधी होतात, ती काढून घ्या. टोमॅटोला दहा-पंधरा मिनिटं लागतात. साल काळी पडून सुटायला लागली आणि आतून टोमॅटो मऊ झाला, की झालं. मिरचीचा ठसका लागतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा.

सगळं गार होऊ द्या. मग खलबत्त्यात आधी सोललेला लसूण, मिरची आणि मीठ कुटा. त्यात कांदा घाला, शेवटी टोमॅटो घालून ठेचा. टोमॅटोची सुटलेली साल काढा, पण थोडे काळे ठिपके राहू द्यात. तीच तर चव! वरून चिरलेली कोथिंबीर आणि लिंबाचा रस. मिक्सर वापरणार असाल, तर गरम टोमॅटो त्यात मुळीच घालू नका. कोंडलेली वाफ झाकण उडवते. आणि मिक्सर क्षणभरच फिरवा. साल्सा जाडसरच हवा.

हात साबणाने धुवा, मिरचीचा हात डोळ्याला लावू नका. जीभ भाजली तर पाण्याचा उपयोग होत नाही, कारण मिरचीतला तिखट पदार्थ पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

आता एक प्रश्न. टोमॅटो भाजायचे कशाला? उकडले तर नाही चालणार? करून बघा, चव तशी येणार नाही. उकळतं पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. तवा त्याहून कितीतरी जास्त तापतो. तेवढ्या उष्णतेत टोमॅटोचा रस आटतो, गोडी दाट होते आणि त्यातली साखर तांबूस होऊन नवाच खमंग वास तयार होतो. भाकरीवरचे तांबूस डाग आणि भाजलेले शेंगदाणे खमंग लागतात, ते असंच. भाजणं आणि जाळणं यातलं अंतर मात्र थोडंसंच असतं. म्हणून तव्यापासून हलायचं नाही.

मेक्सिकोत या तव्याला कोमाल म्हणतात, आणि साल्सा कुटायच्या तीन पायांच्या दगडी खलाला मोलकाहेते. तो ज्वालामुखीतून आलेल्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा असतो. आपला सह्याद्री कशाचा बनलाय? बेसाल्टचाच! आजीचा काळा पाटा-वरवंटा म्हणजे त्या खलाचा दूरचा भाऊच.

आणि टोमॅटो, मिरची आपलीच ना? नाही बरं का! दोन्ही मूळची अमेरिका खंडांतली. टोमॅटो हे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल' शब्दावरून आलं. मिरची पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळात महाराष्ट्रात मिरची नव्हतीच, तिखटाला मिरी असायची. टोमॅटो तर आपल्या स्वयंपाकघरात आणखी उशिरा रुळला. उलट कांदा, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू हे सगळं समुद्रापलीकडून मेक्सिकोत गेलं. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात तिथे पोचले, त्यानंतर. म्हणजे एका वाटीत दोन जगं ठेचली गेली!

हे सगळं मी माझ्या चौथीच्या वर्गात सांगितलं, त्याला एक कारण होतं. वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण अर्धवट लावूनच जेवायचा. डब्यात भाकरी आणि तव्यावर भाजलेल्या टोमॅटोची चटणी. शेजारी कोणाकडे सँडविच, कोणाकडे नूडल्स. त्याला आपल्या डब्याची लाज वाटायची. मी फळ्यावर साल्साची कृती लिहिली. अर्ध्यावर आले तोच तो ओरडला, "बाई, ही तर माझी आई रोज करते!" त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याची आई शेंगदाण्याचं कूट घालते, मेक्सिकोतली आई घालत नाही, एवढाच काय तो फरक. आता त्याची वेगळीच तक्रार असते : सगळे चटणी संपवतात, मला उरतच नाही!

आई-बाबांसाठी दोन शब्द. रविवारी रात्री साधंच जेवण करायचं असेल, तर हे काम मुलांवर सोपवा. मुलींवर आणि मुलग्यांवरही. तुम्ही फक्त आचेकडे लक्ष ठेवा. ओट्यावर थोडा पसारा होईल, तो आवरणं हाही कृतीचाच भाग समजा.

साल्सा कशाशी खायचा? मेक्सिकोत मक्याच्या पातळ भाकरीशी, तिला तोर्तिया म्हणतात. आपण ज्वारीच्या भाकरीशी, थालीपिठाशी, भाजलेल्या पापडाशी किंवा उकडलेल्या अंड्यावर घालून खाऊ. उरला तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

आणि हो, या आठवड्याचा गृहपाठ! घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "तुमच्या लहानपणी चुलीवर काय काय भाजायचे?" उत्तर वहीत लिहा. त्यातला एक पदार्थ त्यांच्याकडून शिकून घ्या आणि सोमवारी डब्यात न्या. झाकण मात्र पूर्ण उघडायचं हं!

— तुमच्या बाई