चुन्याचा हिशेब

स्वारगेटच्या भुयारी मेट्रो स्थानकातून २०२४ सालापासून गाड्या धावत आहेत. त्यामागे काँक्रीट, काँक्रीटमागे सिमेंट आणि सिमेंटमागे चुनखडी. तिचे मोठे साठे चंद्रपूर-यवतमाळकडे आहेत. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंधनाचा धूर निराळाच. हाच चुना धुराड्यातील तेवढाच वायू पुन्हा शोषू शकतो, हे खरे. परंतु भाजताना सुटलेला वायू भट्टीवरच पकडून भूगर्भात गाडला नाही, तर ती केवळ जुन्या कर्जाची फेड होय. हा खर्च कारखानदारांच्या नफ्यातूनच झाला पाहिजे. अन्यथा विज्ञानाच्या नावाने चुना लागेल तो जनतेलाच!