मुंबईला जाताना दोरी घ्या



गेल्या एप्रिलमधली गोष्ट. वार्षिक परीक्षा संपली त्या दिवशी आमच्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. (तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर चार दिवस माझ्याशी बोलायची नाही!) आमचं गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. मुंबई तिनं फक्त टीव्हीवर पाहिलेली. डोंबिवलीला काकांच्या घरी शनिवारी लग्न होतं आणि नंतरचे रविवार-सोमवार मोकळे. वहीत यादी होती. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, हँगिंग गार्डन, जुहू, सिद्धिविनायक, हाजी अली... मोजली तर चौदा ठिकाणं!

"बाई, दोन दिवसांत होईल ना?"

मी भिंतीवरचा नकाशा काढला. मुंबई काही भाकरीसारखी गोल नाही, पडवळासारखी लांब आहे. पूर्वी इथं सात बेटं होती. मधली खाडी भरून ती जोडली. दोन्ही अंगांना पाणी, मग शहर वाढणार कुठं? उत्तरेला! चर्चगेटपासून विरार जवळजवळ ६० किलोमीटर. म्हणजे आपण साताऱ्याहून निघून कऱ्हाड गाठलं तरी थोडं उरेल, आणि वाटेत सगळी घरंच घरं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, आणि पुढं जिकडं रूळ गेले तिकडं माणसं राहायला गेली. म्हणून मुंबईचा बेत आखायचा तो ठिकाणांच्या यादीनं नाही, रुळांच्या दोरीनं.

आम्ही खरीच दोरी घेतली. पोत्याची सुतळी. मध्य रेल्वेच्या एकेका स्टेशनाला एकेक गाठ मारली: डोंबिवली, ठाणे, दादर, करी रोड, भायखळा आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. दोरीच्या जवळ आहे ते ठेवायचं, लांबचं खोडायचं. जुहू पश्चिम रेल्वेच्या बाजूला, गेलं. हाजी अली गेलं. राणीची बाग भायखळ्याला, राहिली. गेटवे टर्मिनसपासून बसनं जवळ, तेही राहिलं.

मग वार बघितले. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद, म्हणजे आपल्याला अडचण नाही. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी दुपारी काही तास काही गाड्या बंद ठेवतात, काही उशिरा धावतात. म्हणून रविवारी भल्या सकाळीच निघायचं. सोमवारी मात्र उलटं! सकाळी सगळी नोकरदार माणसं दक्षिणेकडं निघालेली असतात. त्या गर्दीत आपण पिशव्या घेऊन शिरायचं नाही. अकरानंतर चढायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत परत फिरायचं.

जलद गाडी आणि धीमी गाडी हा फरक तर तिला तीनदा सांगितला. जलद लोकल लहान स्टेशनांवर थांबतच नाही. करी रोडला उतरायचं तर दादरला जलद सोडून धीमी पकडायची. तुमच्या काकांनी फलाटाचा जुना नंबर सांगितला तर इंडिकेटर बघून खात्री करा बरं का. दादरला पूर्वी दोन-दोन एक नंबर होते. डिसेंबर २०२३पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नंबर आहेत.

आणि हे आईबाबांनीही वाचावं. गाडी सुटली आणि मूल फलाटावर राहिलं तर मुलानं तिथंच थांबायचं, मोठ्यांनी पुढच्या स्टेशनावरून परत यायचं. मूल गाडीत आणि मोठे फलाटावर असं झालं तर मुलानं पुढच्याच स्टेशनावर, गाडी पूर्ण थांबल्यावर, उतरून तिथंच उभं राहायचं. घाबरून धावत सुटायचं नाही. पोलिसांना सांगायचं. खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आणि रेल्वेसाठी १३९, हे नंबर पाठ करा.

आता तुम्ही विचाराल, दोरीवर करी रोडची गाठ कशाला? तिथं काय बघायचं?

तेच मीही विचारलं होतं. झालं असं, यादी तिची, खोडणारी मी. शेवटी मी म्हटलं, "अगं, बरोबर कोण कोण येणार? त्यांना काय बघायचंय?" तिनं आईला विचारलं, बाबांना विचारलं. आजीला विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. आजीचे गुडघे दुखतात, ती काकांच्या घरी बसेल, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं!

आजी म्हणाली, "मला ते करी रोड बघायचं हाय."

आजोबा गिरणीत साच्यावर होते. दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर यायची. मजकुराच्या जागेत दोन ओळी असायच्या आणि खाली चाळीचा पत्ता. आजीनं ते कागद अजून ट्रंकेत ठेवलेत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आजोबा गावी आले ते परत गेलेच नाहीत. आता ते नाहीत. ज्या गावच्या पैशांवर घर चाललं, ते आजीनं एकदाही पाहिलं नव्हतं.

म्हणून घारापुरी खोडलं. लाँचमध्ये चढणं-उतरणं आणि पुढच्या पायऱ्या आजीला झेपल्या नसत्या. ते खोडताना मुलीचे डोळे भरले होते, हे मी लपवत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तशी ती सांगायला आली. रविवारी गेटवे पाहिला, समुद्र पाहिला. सोमवारी करी रोडला उतरल्या. आजोबांच्या गिरणीच्या जागी आता उंचच उंच टॉवर आहे. आजी पदर सावरून बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या वर पाणी कसं चढवत्यात गं?" चाळ मात्र सापडली. खोलीत दुसरंच कुटुंब राहतं. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं, चहा केला. आजी दाराशी बसली ती उठेचना. दोन तास झाले. पाचच्या आत परतायचं होतं ना!

"पेंग्विन राहिले, बाई," मुलगी म्हणाली.

राणीच्या बागेत पेंग्विन २०१६ साली आणलेत. पुढच्या सुट्टीपर्यंत ते कुठं जात नाहीत, असं मी तिला सांगितलं. भायखळ्याची गाठ तिनं अजून सोडलेली नाही.

– तुमच्या बाई