ग्रामसेवकाचे ‘प्रगतिपुस्तक’ गावाच्या हाती. पण गुण मोजणार कोण?

पलूस तालुक्यातल्या कुंडलमध्ये ग्रामसेवक कोण येणार, शाळेत शिक्षक कोण मिळणार, हे गाव ठरवत नाही. पण आलेला माणूस काम कसा करतो, हे तपासण्याचा अधिकार गावाला कायद्यानेच आहे. अनेकांना तो माहीतच नसतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधील कलम 7 नुसार गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी आणि पंचायत कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचे शिस्तविषयक नियंत्रण असते. त्यांच्या कामाचे वार्षिक मूल्यमापनही त्यातच येते. ग्रामसभेने सूट दिली नसेल तर त्यांना सभेला हजर राहावे लागते. अनियमितता दिसल्यास ग्रामसभा गटविकास अधिकाऱ्यांना कळवते आणि त्यांनी तीन महिन्यांत त्यावर विचार करायचा असतो.

मग अडते कुठे? कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहितात वरिष्ठ, आणि पदोन्नतीत बघितला जातो तोच. गावाने केलेले मूल्यमापन या अहवालाशी कसे जोडायचे, हे कलम सांगत नाही. म्हणजे परीक्षा गावाने घ्यायची, गुणपत्रिका मात्र तालुक्याच्या नाही तर जिल्ह्याच्या कपाटात!

कुंडलला ‘गावाचा कारभार गावाने’ हा विचार नवा नाही. हे गाव औंध संस्थानात होते. 1939 मध्ये संस्थानाने राज्यघटना स्वीकारून गावपंचायतींकडे कारभार सोपवला. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे महत्त्वाचे केंद्र. तेव्हा गावातले तंटे गावातच मिटत.

मग बदल्याही गावाकडे द्याव्यात का? नको. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या 2017 च्या धोरणानंतर ऑनलाइन झाल्या, त्या वशिलेबाजीच्या तक्रारींमुळेच. सॉफ्टवेअर सेवाज्येष्ठता बघते, अवघड क्षेत्रातली सेवा बघते. स्थानिक पुढाऱ्याचा फोन उचलत नाही. ती सोय मोडू नये. पण वर्गात पोरं वाचायला शिकली का, दाखला एका खेपेत मिळतो का, हे त्या सॉफ्टवेअरला कळणार नाही. ते गावालाच कळते. म्हणून गोपनीय अहवालात ग्रामसभेच्या मूल्यमापनाचा एक रकाना सक्तीचा करायला हवा. गावकीचे राग-लोभ त्यात उतरतील, ही भीती खरी आहे. त्यासाठी कर्मचाऱ्याला लेखी उत्तराची संधी द्यावी.

तोवर गावकऱ्यांनी ‘कर्मचारी मूल्यमापन’ हा विषय पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी, म्हणजे तीन महिने कधी संपतात ते मोजता येईल.